सुईबाईची एक सही

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, एक चौकट टांगलेली आहे. काचेमागे टाइप केलेला, पिवळा पडलेला कागद. नव्या माणसाला वाटतं, घरात कुणाला तरी मानपत्र मिळालेलं दिसतंय. तो चष्मा सावरत जवळ जातो, चार ओळी वाचतो आणि मग चहाला थांबावं की निघावं, हे त्याला कळेनासं होतं. कारण त्या कागदावर लिहिलंय की प्रवासी बोट वाळूच्या दांड्यावर चढली ती माझ्या आत्याच्या चुकीमुळे, सबब तिचा परवाना कायमचा रद्द करण्यात येत आहे.

"असलं कुणी भिंतीवर लावतं का?" असं मला आजवर पुष्कळ शहाण्यांनी विचारलंय. आत्याने आपल्या खोलीत लावलं होतं, आणि तिच्यामागे मी ते खिळ्यासकट इथे आणलं, म्हणून आहे. माझ्या जिवात जीव आहे तोवर ते खाली उतरणार नाही. बंदरावरच्या म्हाताऱ्यांत अजून तिचा विषय निघाला, की "हात दाखवून अवलक्षण" ही म्हण ठरलेली. ती ऐकून माझे कान किटले. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकते, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आत्याला बंदरावर सगळे सुईबाई म्हणत. तिचं काम बोटींची होकायंत्रं तपासण्याचं. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, असं आपल्याला शाळेत शिकवतात. "शाळेत अर्धंच शिकवतात," आत्या म्हणायची. "सुई दोनदा चुकते. एक चूक पृथ्वीची, एक बोटीची. पृथ्वीची चूक नकाशावर छापलेली असते. वर्षाला ती किती सरकते, तेही छापलेलं असतं. वाचता आलं की झालं. बोटीची चूक मात्र बोटीलाच विचारावी लागते."

बोट म्हणजे शेवटी लोखंडाचा ढीग. तो ढीग सुईला आपल्याकडे ओढतो, आणि बोटीचं तोंड जिकडे असेल त्याप्रमाणे ती ओढ बदलते. म्हणून आत्या बोट खाडीच्या तोंडाशी नेऊन सावकाश गोल फिरवायला लावायची. आठ दिशांना आठ वेळा बोट स्थिर करायची, दर वेळी लांबच्या गिरणीची चिमणी नाहीतर दिवादांडी नजरेत धरायची, आणि खरी दिशा कुठली न् सुई म्हणते कुठली, हे वहीत उतरवायची. मग होकायंत्राखालच्या लाकडी खणात बोटाएवढी लोहचुंबकं पुढेमागे सारून चूक कमी करायची. तरी उरेल ती एका कार्डावर लिहायची. या दिशेला एक अंश पूर्वेकडे, त्या दिशेला तीन अंश पश्चिमेकडे. खाली सही. ते कार्ड सुकाणूच्या वर लागायचं, आणि धुकं पडलं की सुकाण्याला तेवढाच आधार.

या कामापायी बाईचा स्वभावच तसला झाला होता. अंगावर लोखंडाचा कण नाही. केसांना आकडा लावायची नाही, दोऱ्याने बांधायची. चष्म्याची काडी पितळेची. वरच्या मजल्यावर तिची खोली होती, तिथे टेबलावर तिचं स्वतःचं होकायंत्र असायचं आणि भिंतीतला एकमेव खिळासुद्धा पितळेचा. त्यावर परवान्याची चौकट. खोलीत शिरणाऱ्याने खिसे उंबऱ्याबाहेर रिकामे करायचे, मग तो कोणी का असेना. एकदा बंदराचे बडे साहेब छत्री घेऊन आत शिरले, तर तिने त्यांच्या हातून छत्री काढून जिन्यावर ठेवली. साहेब म्हणाले, "अहो, छत्रीच आहे ती." "काड्या कसल्या आहेत तिच्या?" आत्याने विचारलं. साहेब जाताना छत्री विसरून गेले आणि पुन्हा न्यायलाही आले नाहीत.

फक्त एक माणूस खिसे रिकामे करायचा नाही. माझे बाबा. ते तिचे थोरले भाऊ, आणि बंदरातल्या बोट कंपनीत सुकाणी. खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि चाकू खुळखुळवत ते मुद्दाम तिच्या टेबलापर्यंत जायचे. सुई गरकन वळायची. "बघ, तुझी सुईसुद्धा मला मान देते," म्हणायचे. आत्या त्यांना खोलीबाहेर ढकलायची. हा खेळ वर्षानुवर्षं चालला होता. आई खालून ओरडायची, "वन्सं, त्यांना जिन्यावरून पाडू नका, अजून जेवायचेत ते."

कंपनीच्या दोन प्रवासी बोटी होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. बाबा थोरलीवर. डागडुजीला आळीपाळीने एकेक बोट गोदीत जायची. गोदी इतकी अरुंद, की आत गेलेल्या बोटीला वळायला जागाच नाही. नाक पूर्वेला करून बसली की काम संपेपर्यंत तशीच. आणि इथेच आत्याचा एक हट्टी नियम होता. महिनोन्महिने बोट एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली, वर रोज हातोडे बसले, की तिच्या लोखंडाला त्या दिशेची सवय लागते. ती सवय लगेच सुटत नाही. बोट पाण्यात चालली, हादरली, वळली, की चार-पाच दिवसांत उतरते. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ती सांगायची, "लोखंडाचा पीळ जातो, पण त्याला चार दिवस द्यावे लागतात. पहिल्या दिवशी कार्ड लिहिलं, तर आपण पिळाचं कार्ड लिहिलं. पाचव्या दिवशी ती बोटच दुसरी." कंपनीच्या कचेरीत तिच्याच अक्षरात पाटी होती: गोदीतून आलेली बोट चार दिवस फिरवल्याशिवाय सही मिळणार नाही. व्यवस्थापक त्या पाटीवर आपली टोपी अडकवून ठेवत.

अठरा वर्षं तिने तो नियम पाळला. कितीजण चिडले, कितीजणांनी वरून दडपण आणलं, ही आपली ढिम्म. आणि एकदाच मोडला.

त्या खेपेला थोरली दहा महिने गोदीत होती. दहा महिने बाबा घरी. पाण्यावरचा माणूस घरात बसला की घराचं काय होतं, ते आईला विचारा. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग घेराप्रमाणे लावले. आईला भाजी चिरायला शिकवायला लागले. खुर्ची खिडकीशी ओढून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींच्या चुका काढत बसायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची, टपाल कचेरीत नुकतीच लागले होते. घरी यायला नको वाटायचं.

अखेर थोरली गोदीतून निघाली. सकाळी आठला दोर सुटले, दहाला आत्या बोटीवर चढली. नुसतं बघायला, सही करायला नव्हे. पण व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशीची तिकिटं विकून टाकली होती. त्यांचं आत्याने ऐकलं नसतं. बाबा मात्र सुकाणूला हात लावून उभे होते, दहा महिन्यांनी. ते म्हणाले, "अगं, हे पाणी मी डोळे मिटून ओळखतो. समोर दिवादांडी दिसत असताना तुझ्या सुईला विचारतंय कोण? कर सही."

"चार दिवस, दादा."

"आणखी चार दिवस मी घरात बसलो, तर तुझी वहिनी मला खाडीत ढकलेल. कर ना गं."

तिने बोट फिरवली, चुंबकं लावली, कार्ड लिहिलं. उत्तरेला तीन अंश पश्चिमेकडे. म्हणजे सरळ उत्तर गाठायची, तर सुईवर तीन अंश मिळवून धरायचे. दुपारी दोनला तिने सही केली.

पुढचे चार दिवस ऊन लखलखीत होतं. बाबा दिवादांडी बघून बोट हाकत होते, होकायंत्राकडे ढुंकूनही बघत नव्हते. तेव्हा बोटींवर आकाशातून जागा सांगणारी यंत्रं नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी धुकं आलं, हातभर पुढचं दिसेना. बाबांनी कार्ड वाचलं, तीन अंश मिळवले आणि डोळ्यांत तेल घालून सुई तिथे धरून ठेवली. आठ मैलांवर थोरली वाळूच्या दांड्यावर चढली. पश्चिमेला पाऊण मैल सरकली होती. सत्तर माणसं बोटीत. एकाचा हात मोडला, बाकीची भेदरली, होड्यांतून सगळ्यांना उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही. बाबांचा परवाना त्याच संध्याकाळी काढून घेतला.

आठ मैलांत पाऊण मैल, म्हणजे जवळजवळ सहा अंश. चौकशी समितीने गणित मांडलं ते असं: कार्डावर तीन अंश आहेत. सुकाण्याने ते मिळवायच्या ऐवजी वजा केले. तीन दुणे सहा. हिशेब चोख बसला. नवशिके अशी चूक करतात, हे खरंच आहे. पण सव्वीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला समितीसमोर शाळकरी पोरासारखं उभं करून विचारलं, "बेरीज केलीत की वजाबाकी?"

"बेरीज," बाबा म्हणाले.

"मग बोट तिथे कशी गेली?"

बाबा गप्प. कंपनीचा वकील हसून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणवत नाहीये यांना." लोक हसले. मी मागच्या बाकावर होते. त्या वकिलाचा चेहरा मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि अजून राग येतो.

बाबा गप्प का, हे मला घरी आल्यावर कळलं. सहा अंश हा आकडा ऐकल्याक्षणी आत्याला काय ते उमगलं होतं, आणि तिच्याआधी बाबांना. आई ताटं घेत होती आणि ही दोघं समोरासमोर उभी.

"मी सांगणार आहे, दादा."

"खबरदार. माझी चार वर्षं उरलीत नोकरीची. तुझी पंधरा आहेत. आणि सही कर म्हणून गळ्यात कोण पडलं होतं?"

"पेन कुणाच्या हातात होतं?"

"तू तोंड उघडलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. तेवढीच शांतता."

ती दुसऱ्या दिवशी समितीपुढे गेली. बोलावलं नव्हतं तरी गेली. वही टेबलावर ठेवून तिने सांगितलं, "बोट आठला गोदीतून निघाली, मी दोनला सही केली. चार दिवस थांबायला हवं होतं. पाचव्या दिवशी धुकं पडलं तोवर लोखंडाचा पीळ उतरला आणि तिनाचे नऊ झाले. सुकाण्याने बेरीजच केली. कार्ड चुकीचं होतं. चूक माझी आहे."

अध्यक्ष म्हणजे निवृत्त कप्तान, भला माणूस. ते म्हणाले, "बाई, भावाला वाचवायला आलात, समजू शकतो. पण याला पुरावा? बोट वाळूवर आपटल्यावर तिचं लोखंड तसंही बदललं असणार. ती आता तपासून उपयोग नाही."

"बरोबर. म्हणून ती तपासू नका. धाकटी गोदीत गेलीय, त्याच जागी, त्याच तोंडाने. ती निघेल तेव्हा पहिल्या दिवशी मोजा आणि पाचव्या दिवशी मोजा. फरक निघाला नाही, तर मला खोटारडी म्हणून हाकलून द्या."

वकील म्हणाला, हे म्हणजे आ बैल मला मार. आत्या त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "बैल माझा, शिंगं माझ्या ओळखीची. तुम्ही बाजूला व्हा."

सहा महिने थांबावं लागलं. सहा महिने बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. हिच्यासाठी गप्प राहून मी एक चांगलं काम करत होतो, तेही हिने मातीत घातलं, एवढंच आईजवळ म्हणाले. दोघं एकाच घरात, आणि आई जिन्यावरून निरोप पोचवायची. "वन्सं, हे विचारतायत, वरचा नळ तुम्ही चालू ठेवलाय का." "त्यांना सांग, वहिनी, नळाला चौकशी समिती नेमा म्हणावं."

धाकटी निघाली. समितीचे तिघे बोटीवर चढले, आणि आत्याने अध्यक्षांसकट सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावले. वकिलाच्या पट्ट्याचं बक्कल लोखंडाचं निघालं. तो दिवसभर एका हाताने पँट धरून उभा होता. पहिल्या दिवशी मोजलं, पाचव्या दिवशी मोजलं. उत्तरेला साडेपाच अंशांचा फरक.

निकालाच्या आधी अध्यक्षांनी तिला आत बोलावलं. मीही तिच्याबरोबर होते. ते मनापासून म्हणाले, "बाई, मी लिहितो की चुंबकत्वात नैसर्गिक बदल झाला. सुकाणी सुटेल. तुम्ही आपण होऊन निवृत्ती घ्या. कुणाचं नाव खराब व्हायला नको. शेवटी भावाच्या मायेपोटी झालं ते."

"मायेला परवाना नसतो, साहेब. मला होता." तिचा आवाज चढला. "निसर्गाने काय केलं? निसर्ग अठरा वर्षं तेच करतोय आणि मी अठरा वर्षं थांबत आलेय. नैसर्गिक लिहिलंत, तर उद्या दुसरा कोणी पहिल्याच दिवशी सही करेल आणि निसर्गाकडे बोट दाखवेल. चूक लिहा. कशी झाली ते लिहा. खाली माझं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं. बाबांचा परवाना परत आला आणि तिचा गेला. त्या दिवशी ती वर गेली, चौकटीतून परवाना काढला, तिथे निकालाचा कागद घातला आणि त्याच पितळी खिळ्यावर चौकट पुन्हा लावली. मी रडत होते. ती म्हणाली, "रडतेस कशाला? आजवर लिहिलेल्या कागदांत हा सगळ्यात बरोबर आहे." मग तीही थोडी रडली. ते तिने लपवलं नाही.

बाबा तरीही बोलेनात. धाकटी बाहेर आली तशी दुरुस्तीला थोरली आत गेली होती. चार महिन्यांनी ती निघाली. आत्याच्या जागी नवे तपासनीस आले होते. त्यांनी त्याच दिवशी सकाळी बोट फिरवली आणि दुपारी कार्ड लावून सही केली. व्यवस्थापकांनी याही वेळी तिकिटं विकलेली. प्रवासी रांगेत उभे. आई आणि मी धक्क्यावर होतो, आत्या जरा लांब एका खुंटावर बसलेली.

बाबा बोटीवर चढले, कार्ड वाचलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"चला, सुटायची वेळ झाली," व्यवस्थापक ओरडले.

"चार दिवस रिकामी फिरवतो. मग नवं कार्ड. मग माणसं."

"अहो, कार्डावर सही आहे!"

"सही गेल्या खेपेलाही होती," बाबा म्हणाले, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्याच घरातली होती. या बंदरात तिच्याइतकं सुईचं कळणारं कोणी नाही, आणि तीसुद्धा पहिल्या दिवशी चुकली. तुमचा माणूस काय तिच्याहून वरचढ आहे? धरा सुकाणू कुणाला धरायचं ते. मी हात लावणार नाही."

कुणी धरलं नाही. व्यवस्थापकांनी धमक्या दिल्या, टोपी आपटली. बाबा जागचे हलले नाहीत. शेवटी रांग मोडली, तिकिटं परत झाली, थोरली चार दिवस रिकामी फिरली. पाचव्या दिवशी नव्या तपासनिसांनी मुकाट्याने पुन्हा मोजलं. चार अंश बदलले होते.

त्या संध्याकाळी बाबा जिना चढून वर गेले. मी आत्यापाशीच बसले होते. ते उंबऱ्याबाहेर थांबले, खिशातून किल्ल्या काढल्या, चाकू काढला आणि खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आता इथे होकायंत्र नाही, दादा. विकून टाकलं," आत्या म्हणाली.

"ठाऊक आहे." ते आत आले, भिंतीवरची चौकट उतरवली आणि मागची पट्टी सोडवून कागद बाहेर काढला. तिला वाटलं, फाडतायत. ती झेपावलीच. त्यांनी तिला कोपराने अडवलं आणि टेबलावरची पेन्सिल घेतली.

"काय करतोयस? तो सरकारी कागद आहे."

"अर्धाच आहे," बाबा म्हणाले. "तूच म्हणतेस ना, सुई दोनदा चुकते."

तिच्या नावाखाली त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: सही कर म्हणणारा मी. आणि सुकाणूच्या वहीत करायचे तशी लपेटदार सही केली. मग कागद आत घातला आणि चौकट पितळी खिळ्यावर जागच्या जागी लावली.